टाकीतला रुमाल

माझी मारुती बारा वर्षं अडखळत चालली आणि ती बारा वर्षं मी एका माणसाला चोर म्हणत राहिलो. दोन्हीचा उलगडा एका अर्ध्या तासात झाला.

गाडी सत्त्याण्णव सालची, पांढरी, आठशे. विकून टाका म्हणून घरात सगळे मागे लागलेत, पण मी ऐकत नाही. माझा स्वभावच तसा, एकदा धरलं की सोडायचं नाही. गेल्या आठवड्यात टाकीला खालून गळती लागली म्हणून अक्कलकुव्याला एका मिस्त्रीकडे नेली. त्यानं टाकी उतरवली, उरलंसुरलं पेट्रोल काढलं आणि आत तारेचा आकडा घालून काहीतरी ओढून बाहेर काढलं.

"सर, हाई काय शे?" त्यानं विचारलं.

काळपट, चिकट, फडक्यासारखं काहीतरी होतं. मी ते उलगडलं. रुमाल होता. एका कोपऱ्यात दोऱ्यानं अक्षर भरलेलं होतं, 'उ'. रंग पार उडालेला, पण टाके शाबूत. मी उमाकांत. आश्रमशाळेत विज्ञान शिकवत होतो तेव्हा चार मास्तर एका खोलीत राहायचो, रुमालांची अदलाबदल व्हायची. कुणी चोरू नये म्हणून बायकोनं माझ्या प्रत्येक रुमालावर लाल दोऱ्यानं 'उ' काढून दिला होता.

तो टाकीत कसा गेला, हे मला तिथंच उभ्या उभ्या आठवलं. आमच्या खापर गावाहून गुजरातची हद्द जवळ. तिकडे पेट्रोल स्वस्त, म्हणून आमच्याकडची निम्मी माणसं कॅन भरून आणतात. मीही आणायचो. कॅनमध्ये गंज, कचरा असायचा, म्हणून नरसाळ्यात रुमाल अंथरून त्यातून पेट्रोल गाळायचं, ही माझी पद्धत. एका रविवारी घाईत ओतलं आणि नंतर रुमाल सापडेना. बायकोवर ओरडलो, वाऱ्यानं गेला म्हणालो आणि विसरलो. कुठलाही पदार्थ नाहीसा होत नाही, हे तीस वर्षं मुलांना शिकवणारा मास्तर मी.

त्याच महिन्यापासून गाडी अडखळायला लागली. हळू चालवली तर काही नाही. ॲक्सिलरेटर दाबला की क्षणभर दम धरायची, दोन गचके द्यायची आणि मग उचलायची. चढाला तर ट्रकवाले मागून शिव्या घालायचे. मी ती खात्या मिस्त्रीच्या गॅरेजमध्ये नेली.

खात्या माझा विद्यार्थी. डोंगरातल्या पाड्यावरचा, वर्गात मागे बसणारा, पण हातात वस्तू दिली की खोलून पुन्हा जोडून दाखवणारा. दहावीनंतर सुरतेला गॅरेजमध्ये राबला आणि परत येऊन खापरला हमरस्त्यालगत पत्र्याची शेड टाकली. उद्घाटनाचा नारळ मी फोडला होता. आमच्या शाळेचा मुलगा म्हणून मी चारचौघांत त्याचं कौतुक सांगत फिरायचो.

त्यानं आधी प्लग बदलले, गाडी फिरवून आणली आणि पत्र्यावर खडूनं लिहिलं, 'प्लग – फरक नाही.' दुसऱ्या दिवशी कारबोरेटर उतरवून धुतला. पुन्हा फिरवली, पुन्हा लिहिलं. मी हसलो तेव्हा म्हणाला, "सर, तुम्हीच शिकवलं. एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि लिहून ठेवायची."

तिसऱ्या दिवशी तो म्हणाला, "सर, टाकी भरलेली असली की गाडी नीट पळते. अर्ध्याच्या खाली गेली की अडखळते. दोष इंजिनात नाही, टाकीत आहे. टाकी उतरवू द्या."

म्हणजे त्यानं शोधून काढलं होतं. आणि मी त्याला काय म्हणालो? "पेट्रोल भरलेलं काय नि अर्धं काय, पेट्रोल ते पेट्रोल. मला शिकवू नकोस." गाडी घेऊन निघून आलो. विद्यार्थी आपल्यापुढे गेलेला मास्तरांना आवडतो, असं आम्ही निरोपसमारंभात म्हणतो. प्रत्यक्षात तो आपल्याला चूक ठरवतो तेव्हा कळतं, किती आवडतो ते.

चार दिवसांनी चहाच्या टपरीवर कुणीतरी म्हणालं की गॅरेजवाले चांगला कारबोरेटर काढून घेतात आणि जुना बसवून देतात. माझ्या डोक्यात किडा शिरला. घरी येऊन बॉनेट उघडलं. कारबोरेटर मला काळपट दिसला. माझा तर चकचकीत होता, असं मी बायकोला छातीठोकपणे सांगितलं. आज कबूल करतो, त्याआधी मी बॉनेट उघडून कारबोरेटर कधी पाहिलाच नव्हता.

तो बाजाराचा दिवस होता. डोंगरातून जीपा भरभरून माणसं उतरली होती. मी शेडसमोर गाडी उभी केली आणि वर्गात वापरायचो त्या आवाजात ओरडलो, "मन्ही गाडीना नवा कारबोरेटर काढी लिधा या चोरनी!" माणसं जमली. खात्यानं हातातला पाना खाली ठेवला, हात पुसले आणि माझ्याकडे पाहत राहिला. एक शब्द बोलला नाही. गप्प आहे म्हणजे कबूल आहे, असा मी अर्थ काढला. शाळेतही माझी हीच पद्धत होती.

चोराकडे गाडी कोण देणार? दोन-तीन महिन्यांत त्याच्या शेडसमोर एक मोटरसायकलही उभी दिसेना. दिवाळीनंतर शेड उठली. मी सुटकेचा निःश्वास टाकला, हेही लिहायला हवं.

आणि गाडीचं मी काय केलं? टाकी होता होईल तो अर्ध्याच्या खाली जाऊ द्यायची नाही, गेली तर गचके सोसायचे, एवढं शिकलो. बारा वर्षं खात्याच्याच निदानावर गाडी चालवली आणि त्यालाच चोर म्हणत राहिलो. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण मी फळ्यावर शेकडो वेळा लिहिली असेल, पण माझ्या काखेत काय आहे ते पाहिलं नाही.

रुमाल साबणानं धुतला आणि खात्याला शोधायला निघालो. टपरीवाल्या चुनीलालला विचारलं.

"कोन खात्या?" तो कपबशी विसळता विसळता म्हणाला. "तो कारबोरेटरचोर का? तो आते आठे नही ऱ्हास, सर. डोंगरमा ऱ्हास."

चुनीलालला त्याचं गॅरेज आठवत नव्हतं. खात्यानं याच चुनीलालची मोटरसायकल किती वेळा दुरुस्त केली, तेही आठवत नव्हतं. माझा शब्द तेवढा आठवत होता.

मोलगीच्या रस्त्याला एका पाड्यावर त्याचं घर सापडलं. केस पिकलेत. दरवर्षी बायकोला घेऊन गुजरातमध्ये ऊसतोडीला जातो. पाना धरणाऱ्या बोटांवर कोयत्याचे वण होते. मी रुमाल त्याच्या हातात दिला. त्यानं तो उलटसुलट करून पाहिला, नाकाशी नेला.

"टाकीत होता ना?"

"हो. माझाच आहे, खात्या."

"पेट्रोल कमी झालं की पाइपाच्या तोंडाला चिकटत असणार. ॲक्सिलरेटरवरचा पाय काढला की सुटत असणार." हे सांगताना त्याचा चेहरा क्षणभर उजळला, वर्गात उजळायचा तसा. मग विझला. "आता चांगली चालते?"

"चालते." मी हात जोडले. "माझं चुकलं. तुझं आयुष्य मी मातीत घातलं."

त्याच्या बायकोनं, रूपलीबाईनं, पाणी आणून दिलं आणि दाराशी उभी राहिली. मी पाणी पिऊन होईपर्यंत तो थांबला.

"सर, इथं कोण आहे? मी आणि रूपली. मी चोरी केली नाही, हे आम्हांला पहिल्यापासून माहीत आहे." तो शांतपणे म्हणाला. "आमच्यात चार माणसांत बोललेलं चार माणसांतच मागे घेतात. त्या दिवशी बाजार होता."

"येत्या बाजारी सांगतो. तू येशील?"

"मी कशाला येऊ? मी काय चोरलं?"

रुमाल त्यानं घडी घालून परत दिला.

काल बाजार होता. शेड होती तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. मी त्यासमोर उभा राहिलो, हातात रुमाल. तीस वर्षं पन्नास-पन्नास मुलांना गप्प बसवणारा माझा आवाज घशातून निघेना. "खात्यानं माझा कारबोरेटर चोरला नव्हता," मी म्हणालो. "दोष माझा होता. खोटं मी बोललो." दोन माणसं थांबली. "कोन खात्या?" एकानं विचारलं आणि दोघं पुढे गेली. मला वाटलं, झालं. सांगितलं. निघावं आता.

वळलो तर चार हातांवर रूपलीबाई उभी होती, डोक्यावर रिकामी टोपली. ती कधी आली, मला कळलं नव्हतं.

"जोरमा बोला, सर," ती म्हणाली. तिनं बाजाराच्या पार दुसऱ्या टोकाकडे बोट दाखवलं, कांद्याच्या ढिगांपलीकडे. "त्या दिन मी तठे बठेल व्हती. तठेपावत ऐकू उनं व्हतं."

मी घसा साफ केला आणि पहिल्यापासून सुरुवात केली.