लाल रेघ

"आण की गं तो नकाशा! का त्याची वरात काढू?" पारुबाई सुनेवर खेकसली.

मोजणीचे साहेब अंगणात बाजेवर बसून चहा पीत होते. शेजारी पलीकडच्या शेताचा अमृतराव. यंदा त्यानं मेंढरांची पांदण नांगरून सोयाबीन पेरलं आणि वर तारेचं कुंपण ठोकलं. त्याच वाटेनं पारुबाईची दीडशे मेंढरं सिद्धेश्वर धरणाच्या पाण्यावर जायची. कचेरीतल्या कागदावर ही वाट नव्हती. होती ती पारुबाईच्या पेटीतल्या निजामकाळच्या कापडी नकाशावर.

त्या नकाशाचा घराला मोठा तोरा. पारुबाईच्या आजेसासऱ्यानं मोजणीवाल्याची लोखंडी साखळी सहा महिने ओढली होती. बोरीची जाळी आडवी आली तरी मोजणीवाला साखळी वाकवू देत नसे. म्हातारा पोटऱ्या रक्ताळत जाळीतून पार व्हायचा. काम संपल्यावर मोजणीवाल्यानं जाड कापडावर गावाची नक्कल काढून त्याला दिली. निळी नदी, हिरवं गायरान, लाल पांदण. अक्षरं उर्दू, घरात कुणालाच लागत नव्हती. पारुबाई नवी नवरी असताना सासूनं तिचं बोट लाल रेघेवरून फिरवलं होतं, "हितून आपली मेंढरं." दुसरीत शाळा सोडलेल्या पारुबाईला तेवढं एकच पान पाठ होतं.

राधिकानं घडी आणून दिली. साहेबांनी ती मांडीवर उलगडली आणि बशी खाली ठेवली.

कापड स्वच्छ होतं. मधोमध जांभळट डाग पसरला होता, बाकी काही नाही.

"धुतलं की काय कुणी?" साहेबांनी विचारलं.

पारुबाईचा लेक भिवाजी बायकोच्या अंगावर धावला. "तूच गं! परवा दांडीवर वाळत होतं ते हेच ना? अक्कल हाय का तुला?"



परवा साहेब येणार म्हटल्यावर पारुबाईनंच पेटी उघडली होती. मोठा माणूस दारी येणार अन् त्याच्या मांडीवर शंभर वर्षांचा मळ? धनगराच्या घराला नाव ठेवायला लोक टपलेलेच. कापड विरेल म्हणून घडी न मोडताच तिनं साबण लावला. लालसर पाणी निघालं, तेव्हा मळ सुटला म्हणून ती खूशही झाली होती.

"तिला काहून बोलून राहिला रे?" पारुबाई म्हणाली. "मी धुतला."

अमृतराव खुदकन हसला. "काकू, सगळं गावच निर्मळ केलं की तुमी!"

"व्हय. माझ्या घरातला मळ मी काढला. तुझ्या घरात कोण हाय काढाया?"

अमृतरावाचं हसू विझलं. साहेब चष्मा पुसत म्हणाले, "आजी, कागदावर दिसेल तेवढंच मला लिहिता येतं."

"मग लिवा. दिसत न्हाई म्हणून लिवा."

त्यांनी लिहिलं. राधिकानं कपबशा उचलल्या.

दुसऱ्या दिवशी भिवाजी रुसून झोपून राहिला. मेंढरं पारुबाईनंच सोडली. धरणाला आता डांबरी सडकेनं, दोन कोस फेऱ्यानं जायचं होतं. कुंपणापाशी येताच पुढचा मेंढा सवयीनं वळला. मागची दीडशेही वळली आणि तारेला नाक लावून उभी राहिली.

पारुबाईनं काठी उगारली नाही. मेंढ्याचं शिंग धरून तिनं त्याचं तोंड सडकेकडं केलं.

"हिकडून," ती म्हणाली.