भोंग्यावरचं नाव

भिलाईचा कारखाना उभा राहत होता तेव्हाची गोष्ट. खुर्सीपारच्या मजूर कॅम्पात रेडिओ कुणाच्या बापाकडे नव्हता. होता तो एका ठेकेदाराचा भोंगा, उंच बल्लीवर बांधलेला, आणि खाली टपरीत ग्रामोफोन घेऊन बसलेला जानराव. सकाळी भजनं, दुपारी कोणाची ड्यूटी कुठं ते, आणि संध्याकाळी पाव तास मराठी. हा पाव तास जानरावानं ठेकेदाराच्या हातापाया पडून मिळवला होता. नागपूरकडच्या बाया तेवढ्या वेळात चुलीवरची भाकर करपू द्यायच्या, पण गाणं चुकवायच्या नाहीत.

भोंग्याचा एक रिवाज मात्र वाईट होता. कामावर माणूस मेला की गाणं थांबायचं आणि त्याचं नाव पुकारलं जायचं. जखमींची नावं कधी घेत नसत. त्यामुळे भोंग्यावर नाव आलं म्हणजे माणूस गेला, हे कॅम्पातलं शेंबडं पोरही जाणून होतं.

त्या संध्याकाळी मराठी गाणी चालू असतानाच निरोप आला. चिमणीच्या कामावर परांची कोसळली, कवडू खाली सापडला, दवाखान्यात आहे, डॉक्टर म्हणतात घरच्यांना लवकर आणा. कवडू जानरावच्याच गावचा. दोघं एकाच गाडीनं दुर्गला उतरलेले. कवडूच्या बायकोला, पंचफुलेला, शोधायचं कुठं? नळावर असेल, नाहीतर सरपणाला गेली असेल. त्यानं गाणं थांबवलं आणि माइकवर ओरडला, "कवडू मेश्राम! पंचफुलावहिनी, कवडू दवाखान्यात हाय, जित्ता हाय, लवकर या!"

अरे जानराव, काय केलंस हे! नावापुढचं ऐकतो कोण? नाव कानावर पडताच झोपड्यांतून असा हंबरडा उठला की पुढचं कुणाला ऐकूच गेलं नाही.

तो हंबरडा टपरीत पोचला तेव्हा जानरावला चूक उमगली. पुन्हा नाव घ्यावं तर आगीत तेल. मशीन तशीच सोडून तो पळत सुटला. नोकरी जाणार हे कळत होतं त्याला. जाऊ दे मसणात, म्हणाला.

तो पोचला तेव्हा बाया पंचफुलेला घेरून बसल्या होत्या. नागपूरला बौद्ध धर्माची दीक्षा घेऊन आलेली माणसं ही, पण जुन्या चाली अंगातून निघाल्या नव्हत्या. शेजारच्या मैनाबाईनं तिच्या बांगड्या फोडल्या होत्या, कुंकू पुसलं होतं.

"अवं, कावून रडून राह्यल्या? जित्ता हाय तो!" जानराव बोंबलला. "वहिनी, तुमालेच बलावून राह्यला!"

पंचफुला उठली ती अनवाणीच धावली. जानराव पुढं, वाट काढत.

दवाखान्यात खाटेवर कवडूचे डोळे उघडे होते. ती दिसली तसं त्याला हायसं वाटलं, ते चेहऱ्यावरच दिसलं. तिनं पाण्याचा पेला त्याच्या ओठांना लावला आणि त्याची नजर तिच्या हातांवर गेली. मनगटांवर काचेचे ओरखडे होते.

"बांगड्या कुठं गेल्या वं?"

पंचफुलेनं पदर मनगटांवर ओढला. "नळावर भांडण झालं. फुटल्या."

कवडूनं तिच्या कोऱ्या कपाळाकडं पाहिलं, मग दारात मान खाली घालून उभ्या जानरावकडं. सगळं समजला बिचारा.

"मंग आता नव्या भरू नोको," तो हळूच म्हणाला. "दोनदा फोडा लागतीन तुले."