बंडोपंतांच्या काखेतली शिवण

मित्रांनो, आधीच सांगून टाकतो, मला तोंड नाही. तरी बोलतोय. कारण इतकी वर्षं लोक मला उचलत आणि आपटत आले, पण "बंडोपंत, लागलं का हो?" असं कोणी विचारलं नाही. म्हणजे एकीने विचारलं. तिचीच गोष्ट सांगायची आहे, पण आधी माझी ऐकावी लागेल. म्हाताऱ्याचा एवढा हट्ट चालवून घ्या.

पनवेलच्या बाहेर, न्हावा शेव्याला जाणाऱ्या कंटेनरच्या गाड्यांची घरघर जिथे दिवसभर ऐकू येते, तिथे आग विझवायला शिकवणारं एक प्रशिक्षण केंद्र आहे. तिथला मी जुना पुतळा. पुतळा म्हटल्यावर चौकात घोड्यावर बसलेला रुबाबदार कोणी डोळ्यांसमोर आणू नका. ट्रकच्या ताडपत्र्या शिवणाऱ्या दाजींनी मला शिवलं. जाड कॅनव्हासचं अंग, आत वाळू आणि चिंध्या, वरून एक जुना निळा बॉयलर सूट. शेवटचा टाका घालून दाजींनी माझ्या पोटावर थाप मारली आणि म्हणाले, "घ्या, जेवून झोपलेला माणूस तयार आहे!" मला फार बरं वाटलं होतं. कोणीतरी मला माणूस म्हणालं होतं.

माझं काम तसं आरामाचं. सरावाच्या मनोऱ्यात दुसऱ्या मजल्यावरच्या धुराच्या खोलीत बेशुद्ध पडून राहायचं. शिकाऊ मुलं चाचपडत येतात, मला खांद्यावर घेतात, जिना उतरतात आणि मैदानातल्या चुन्याच्या रेघेपलीकडे नेतात. वाटेत मी जमिनीला टेकलो की उचलणारा नापास. बंडोपंत हे नावही अशाच कुठल्याशा तुकडीने ठेवलं आणि चिकटलं.

पण एक वाईट रीत पडली होती. रेघ ओलांडली की मला फेकून द्यायचं. धप्प! आवाज जेवढा मोठा, तेवढ्या टाळ्या जास्त. अरे, आत्ताच ना माझा जीव वाचवलात? मग हे काय? पण ऐकतो कोण! आपटून आपटून माझी उजवी काख उसवत चालली होती, आणि कोणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

अशात रिया आली. उरणकडच्या खाडीवरची कोळ्यांची पोर. अंगाने काटकुळी, डोळे मात्र धीट. शिडी चढण्यात, पाण्याच्या पाइपाचं तोंड आवरण्यात ती कोणाला हार जात नव्हती. घोडं अडत होतं ते माझ्यापाशी. मला खांद्यावर घ्यायची, जिन्याच्या वळणापर्यंत यायची आणि तिथे तिचे गुडघे वाकायचे. मी टेकायचो. रोजचं झालं होतं ते. मग ती माझ्या शेजारी पायरीवर बसून धापा टाकायची, आणि मला माझ्या वजनाची लाज वाटायची.

त्या मुलांना शिकवणारे कमलाकर सर आवाजाने खणखणीत आणि मनाने सरळ. त्यांनी तिला बजावलं होतं, "रिया, बाकी सगळ्यात तू पुढे आहेस. पण बंडोपंत खाली आले नाहीत तर मी दाखला देणार नाही, आणि दाखल्याशिवाय तुला अग्निशमन दलाच्या भरतीत उभं करणार नाहीत." ती "हो सर" म्हणाली. पण त्या रात्री ती जेवली नाही, असं तिची मैत्रीण तूबा दुसऱ्या दिवशी सगळ्यांना सांगत होती. तूबा पनवेलचीच, बोलायला पटाईत आणि रियावर जीव टाकणारी.

आणि मग नवल झालं. एके दिवशी रियाने मला उचललं, जिन्याचं वळण पार केलं आणि थेट रेघेपलीकडे नेलं! तूबाने तिला मिठीच मारली. कधी नव्हे ते शैलेशनेही टाळ्या वाजवल्या. हा शैलेश म्हणजे तुकडीतला पैलवान. मला काखोटीला मारून नेईल असा गडी.

खरी गोष्ट मला माहीत होती. माझी काख आता चांगलीच फाटली होती, आणि जिन्याजिन्यावर वाळू सांडत मी हलका झालो होतो. मनातून मी खूश होतो. म्हटलं गळू दे, पोरीचं भलं होतंय ना, मग आपलं पोट खपाटीला गेलं तरी चालेल.

चहाच्या सुट्टीत रियाने कॉलर झटकली. वाळू पडली. तिने वर पाहिलं, तर जिन्यावर पायरीपायरीला वाळूची रेघ. ती माझ्याजवळ आली, माझा उजवा हात उचलला आणि काखेतल्या भोकात बोट घालून बघितलं. तिचा चेहरा पडला.

तूबा मागोमाग आली होती. तिने पाहिलं आणि हळूच म्हणाली, "गप बस हां. किसीको बोलू नकोस. परीक्षा होऊ दे, मग शिव."

"तूबा, मी उचललंच नाही गं काही. अर्धा माणूस तर जिन्यावर सांडला होता."

"अगं मग बाकीचे काय पूरा उचलतायत? सगळ्यांना तोच बंडोपंत आहे ना?"

रिया माझा हात धरून तिथेच बसली. तूबा गेल्यावर तिने माझा हात हळू खाली ठेवला आणि विचारलं, "बंडोपंत, लागतंय का हो?" मला रडायची सोय असती तर तिथेच रडलो असतो. मग स्वतःशी बोलावं तशी ती माझ्याशी बोलायला लागली. तिचे बाबा दयाराम नाखवा. अंगाने भरलेला गडी. किनाऱ्याला बांधलेल्या बोटीत इंजिनाने पेट घेतला आणि धुराने ते आतच बेशुद्ध पडले. रिया डबा घेऊन गेली होती. आत शिरून तिने त्यांना ओढलं, पण उचलता आलं नाही. ती ओरडत राहिली. माणसं धावत येईपर्यंत बाबांचा पाय भाजून निघाला. जीव वाचला, पण त्या दिवसापासून त्यांनी बोटीत पाय ठेवला नव्हता. बोट किनाऱ्यावर उपडी पडली होती. "त्या दिवशी बाबाला कोण हलकं करून देणार होतं?" ती म्हणाली.

रविवारी ती घरी गेली आणि जाळी शिवायचा दोरा घेऊन आली. मैदानाच्या कडेला आगीसाठी वाळूच्या लाल बादल्या टांगलेल्या असतात. त्यातली वाळू तिने माझ्या काखेतून आत भरली, ठासून ठासून. मी मनात ओरडत होतो, "अगं वेडे, काय करतेस? स्वतःच्या हाताने स्वतःच्या पायावर धोंडा!" पण तिने घट्ट गाठी मारत काख शिवून टाकली.

सोमवारी कमलाकर सर कडाडले, "बादल्या रिकाम्या? उद्या आग लागली तर काय चहा ओतू?"

रिया पुढे झाली. "सर, मी घेतली. बंडोपंत फाटले होते. वाळू गळत होती."

सर माझ्याजवळ आले, मला एका बाजूने उचलून पाहिलं, शिवणीवर अंगठा फिरवला. "बादल्या भरून ठेव," एवढंच म्हणाले. शैलेश मात्र भडकला. "तुला पडायचंय तर पड ना! आम्हाला कशाला सोबत घेतेस?" दोन दिवस तिच्याशी कोणी धड बोललं नाही. तूबासुद्धा फुगून बसली. आणि रिया पुन्हा जिन्याच्या वळणावर मला टेकवू लागली. माझा जीव नुसता कासावीस व्हायचा.

परीक्षेच्या दिवशी मनोऱ्यात दाट धूर केला होता. शैलेश जाऊन आला. रेघेपाशी पोचला तेव्हा त्याचेही पाय लटपटत होते. मला आपटायची त्यालाही शुद्ध राहिली नव्हती, माझ्यासकट तोच मांडी घालून बसला. मला पुन्हा वर नेऊन ठेवलं. मग रिया आली, रांगत, भिंतीला हात लावत. माझ्या छातीवर हात ठेवून ती म्हणाली, "बाबा, मी हाय. हात ढिला सोड."

मित्रांनो, मी सोडला. मला सोडायला दुसरं काही येतच नाही म्हणा, पण त्या दिवशी मनापासून सोडला.

ती माझ्याखाली पार बसली, मला खांद्यावर घेतलं आणि मांड्यांच्या जोरावर उठली. "आता जिना हाय, बाबा. घाबरू नको." प्रत्येक पायरीला ती माझ्याशी बोलत होती. वळणावर तिचे गुडघे वाकले. खालून तूबा ओरडली, "रिया, छोड मत!" रियाने पाठ भिंतीला लावली. माझा बूट पायरीपासून बोटभर वर होता. "दमलास? थांबू थोडं," ती मला म्हणाली. "पण टेकवणार नाय." आणि खरंच, श्वास घेऊन ती सरळ झाली आणि उतरली. मैदान आलं, रेघ आली, रेघ मागे पडली.

सगळे धप्प आवाजाची वाट बघत होते. तिने गुडघा टेकला, माझ्या मानेखाली हात घातला आणि मला हळूच जमिनीवर निजवलं. टाळ्या वाजवायचं कोणाला सुचलंच नाही. कमलाकर सर तुकडीकडे वळून म्हणाले, "बघितलंत? सुटका इथे संपते. यापुढे माणूस फेकलेला मला दिसता कामा नये." मग रियाला म्हणाले, "पास." तेव्हा कुठे तूबा तिच्या गळ्यात पडून रडली, आणि शैलेश खाली मान घालून रियाच्या भरायच्या राहिलेल्या बादल्या भरायला गेला.

दाखले वाटायच्या दिवशी दयाराम नाखवा काठी टेकत आले. समारंभ सोडून ते आधी माझ्यापाशी आले. मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, काखेतला जाळ्याचा दोरा बघून हसले.

"हाच का गो तो? केवढा जड हाय?"

रिया म्हणाली, "तुज्याएवढा."

काठी माझ्या अंगाला टेकवून त्यांनी डोळे पुसले. मग म्हणाले, "मंग चल. बोट सरळ करूया. उद्या पाण्यात घालू."

मित्रांनो, तेव्हापासून मी अजून इथेच बेशुद्ध पडतो. नवीन पोरं येतात, मला उचलतात, आणि रेघेपलीकडे मानेखाली हात घालून ठेवतात. त्या काखेतली शिवण अजून पक्की आहे. तुम्हीही कोणाला उचललंत, तर उतरवताना तेवढं सांभाळा. माझं काही नाही, मी वाळूचा आहे. पण तो कोणाचा तरी बाबा असेल.