कुलूला न गेलेली राहुटी

मी एक जुनी राहुटी आहे. माझा खाकी रंग आता उडाला आहे, एका बाजूला उंदरांनी भोक पाडले आहे. पण मित्रांनो, मी शिवून तयार झाले तेव्हा घाटंजीच्या बाजारात लोक मला पाहायला थांबले होते.

सत्तावन्न सालची गोष्ट. वामनराव हे कापसाचे शेतकरी आणि शंकरसिंग जवळच्या बंजारा तांड्यावरचे. दोघे लहानपणापासूनचे दोस्त. नदीत गळ टाकायचा तर दोघांनी, तित्तर मारायला जायचे तर दोघांनी. वामनरावांना एकदा आगगाडीत एक फिरस्ता भेटला. त्याने हिमालयातल्या कुलूच्या खोऱ्याची अशी काही वर्णने केली की वामनराव घरी न जाता थेट तांड्यावर गेले.

"शंकर, तिथं नदीचं पानी बर्फाचं असते. ट्राउट नावाची मासळी. डोंगरात चकोर. पोळा झाला की निंघू."

"माहा आजा बैलांवर मीठ लादून कुठी कुठी गेलता," शंकरसिंग म्हणाले, "पन बर्फ काही त्यानं पाह्यला नाही. चाल!"

मग काय, दोघांना दुसरे काही सुचेना. वर्ध्याहून गाडी, दिल्ली, पठाणकोट, पुढे मोटार. मासे धरायला किती दिवस, शिकारीला किती, नुसते डोंगर बघायला किती, यावर रोज वाद. नागपूरहून किरमिच, म्हणजे तंबूचे जाड कापड आणले, शिंप्याने मला बेतले, आणि शंकरसिंगांच्या बायकोने, जमनीने, माझ्या दारपडद्याला लाल दोऱ्याचे टाके घातले. ती हसून वामनरावांना म्हणाली, "भाऊजी, मले येताना पदराएवढा बर्फ आनजा." मला वाटले, माझ्यासारखी भाग्यवान मीच.

जाण्याआधी मला पारखून घ्यावे म्हणून श्रावणात दोघांनी मला वाघाडी नदीच्या काठी उभारले. पाऊस पडला, पण मी आत थेंब येऊ दिला नाही. दोघांनी माझी पाठ थोपटली. सकाळी शंकरसिंग गळ घेऊन खाली पाण्याशी बसले. वामनराव बंदूक घेऊन झुडपांकडे वळले. तित्तर उडाला, जमिनीलगत पाण्याच्या दिशेने उडाला. त्याच क्षणी मासा लागला म्हणून शंकरसिंग उठून उभे राहिले.

मी बंदुकीचा आवाज ऐकला. मग वामनरावांची किंकाळी ऐकली. शंकरसिंग ओरडले नाहीत.

त्यांना माझ्याच सावलीत आणून निजवले. डाव्या डोळ्यातून रक्त वाहत होते. वामनराव रडत होते, आणि जखमी माणूसच त्यांना धीर देत होता.

"रडू नको, वामन. तू काही जानून नाही मारलं. दुसरा डोळा हाय ना? बर्फ पाह्याले एक पुरे."

यवतमाळच्या दवाखान्यात डोळा वाचला नाही. वामनरावांनी बंदूक सरकारात जमा केली, मला माळ्यावर टाकले, आणि पुन्हा तांड्याकडे पाऊल टाकले नाही. त्यांना शंकरसिंगांच्या तोंडाकडे बघवत नव्हते.

पोळा झाल्यावर शंकरसिंग स्वतः आले. "वामन हाय का घरात?"

वामनराव आतल्या खोलीत होते. त्यांनी बायकोला हाताने खूण केली. मैनाबाई उंबऱ्यावर गेल्या आणि मान खाली घालून म्हणाल्या, "वावरात गेले, भाऊजी."

वामनरावांच्या चपला दारातच होत्या. शंकरसिंगांनी त्या पाहिल्या. "बरं वहिनी. पोळ्याचा रामराम सांगजा त्याले. म्हना, औंदा नाही तर पुढच्या साली जाऊ."

दर पोळ्याला ते आले. दर पोळ्याला मैनाबाई तेच बोलल्या. एकदा त्या नवऱ्यावर चिडून म्हणाल्या, "तो मानूस रागावला नाही, अन् तुम्ही काहून तोंड लपवून राह्यले?" वामनराव उठून गोठ्यात गेले. रात्रंदिवस ते आत झिजत होते, तशी मी वर कुजत होते.

मग एका साली पोळा झाला आणि दारात हाक आली नाही. वामनराव दिवसभर ओट्यावर बसून राहिले. दुसऱ्या दिवशीही. तिसऱ्या दिवशी त्यांनी मला खाली काढले, खांद्यावर घेतले आणि तांड्याची वाट धरली. वाटेत ते स्वतःशीच बोलत होते, काय म्हणायचे त्याची तयारी करत होते.

शंकरसिंग लिंबाखाली खाटेवर बसले होते. वामनराव पुढे जाऊन उभे राहिले, तरी त्यांनी मान वर केली नाही.

"कोन हाय?"

वामनरावांनी मला खाटेवर ठेवले. जमनी घरातून बाहेर आली. "दुसरा डोळाबी गेला, भाऊजी. उन्हाळ्यापासून काहीच दिसत नाही त्याहिले."

"शंकर," वामनराव कसेबसे म्हणाले, "मी आलो. राहुटी आनली. चाल, जाऊ आपन."

शंकरसिंगांनी हात पुढे केला, मला चाचपले, आणि हात मागे घेतला.

"डोळ्याचं मले कधीच वाटलं नाही, वामन. पन इतके साल म्या एकट्यानं हाका मारल्या. आता माह्यात हाक नाही राह्यली."

वामनराव खाटेच्या पायाशी बसले आणि लेकरासारखे रडले. शंकरसिंगांनी त्यांना चहा पाजला. पावसाची चौकशी केली, कपाशीची केली. त्यानंतरही वामनराव अधूनमधून जात राहिले, चहा पिऊन परत येत राहिले. कुलूचे नाव दोघांपैकी कोणीच काढले नाही.

मी तांड्यावरच राहिले. जमनी पावसात मला वासरांवर टाकते.

मित्रांनो, किरमिच फाटले तर ठिगळ लावता येते. माझी काळजी घ्या, असे मी म्हणणार नाही. एवढेच सांगते, तुमच्या दाराशी येऊन कोणी दोस्त हाक मारत असेल, तर तोंड कितीही काळे झालेले असो, तो हाक मारतो आहे तोवर उठा आणि बाहेर या.