सात कानांचा राक्षस आणि लाखेचं पाकीट

परीक्षा विभागात प्रश्नपत्रिकांच्या पाकिटांना लाख लावणारा तो माणूस रविवार दुपारच्या खेळासाठी राक्षस रचायचा, आणि तेवढ्यावर स्वतःला ब्रह्मदेव समजायचा. अकरा वर्षं टेबलाच्या टोकाची खुर्ची त्याची होती. तिथे बसून तो एका काल्पनिक राज्याची गोष्ट सांगायचा. समोरचे तिघे तिच्यातले वीर होऊन, फासे टाकून राक्षसांशी लढायचे. ते त्याला सूत्रधार म्हणायचे. तो त्यांना मनातल्या मनात मेंढरं म्हणायचा.

एक नियम त्याने ऑफिसातूनच उचलला होता. राक्षसाचं मर्म आधी कागदावर लिहून पाकिटात घालायचं आणि वर लाख लावायची. राक्षस मेला की मारणाऱ्याने ते सगळ्यांसमोर फोडायचं. पाकिटात लबाडी निघाली तर सूत्रधाराने खुर्ची सोडायची.

या खेपेचा राक्षस होता सात कानांचा, मनकवडा. कुणी मनात काही ठरवलं रे ठरवलं, की त्याला ते ऐकू जायचं. त्याचं मर्म काही सूत्रधाराला सुचेना. पण या मठ्ठांसाठी डोकं कशाला शिणवायचं? त्याने कोरा कागद घडी करून आत सरकवला आणि ऐटीत लाख लावली. राक्षस मरणारच नाही, मग पाकीट फोडतोय कोण!

"मी डावीकडून भाला फेकते," त्याची ताई म्हणाली.

"तू ठरवलंस, त्याने ऐकलं. तो उजवीकडे सरकला."

शेजारच्या दंतवैद्य बाईंनी आग लावायचं ठरवलं, तर राक्षसाने आधीच मशाल विझवली. सूत्रधाराला गुदगुल्या होत होत्या. राहिले ताईचे यजमान. दाजींचं चष्म्याचं दुकान होतं, आणि चहात साखर किती हे ठरवायलासुद्धा त्यांना बायको लागायची. सूत्रधाराच्या मते तो माणूस म्हणजे भुईला भार.

दाजींनी कागदावर सहा वेगवेगळे हल्ले लिहिले आणि फासा हातात घेतला.

"जो आकडा पडेल तो हल्ला करणार," ते म्हणाले. "माझं काही ठरलेलं नाही. विचार तुझ्या राक्षसाला, काय ऐकू येतंय?"

मनात ठरवलेलंच ऐकू येतं, हा नियम सूत्रधाराचाच होता. फासा चारावर थांबला. दाजींनी उकळतं तेल राक्षसाच्या कानांत ओतलं, आणि तीन दिवस खपून रचलेलं ते धूड तीन मिनिटांत आडवं झालं.

"पाकीट फोडा!" ताई ओरडली.

दाजींनी लाख तोडली. कागद उघडला, उलटा केला, सुलटा केला. सूत्रधाराच्या पायाखालची जमीन सरकली. अकरा वर्षांची खुर्ची आता गेली होती.

दाजींनी चष्मा नाकावर नीट बसवला आणि शांतपणे वाचलं, "ज्याचं काही ठरलेलंच नाही, त्याच्यापुढे हा राक्षस बहिरा."

बाईंनी टाळ्या वाजवल्या. "काय डोकं आहे हो तुमचं!" त्या सूत्रधाराला म्हणाल्या. दाजींनी कागद खिशात टाकला.

निघताना सूत्रधाराने त्यांना दाराशी गाठलं. कधी नव्हे तो त्याचा आवाज खाली आला होता.

"दाजी, मला का वाचवलंत?"

दाजींनी कोरा कागद त्याच्या हातावर ठेवला आणि ते चपला शोधू लागले.

"तुला कुठे वाचवलं? खुर्ची सुटली असती, तर तुझ्या ताईने ती माझ्या गळ्यात मारली असती. दर आठवड्याला बसून असलं काहीबाही रचायचं म्हणजे... अरे, तुझ्याइतका रिकामा दुसरा आहे कोण?"