बळीराम पेंटरचा हात

"आलं का?" बळीरामने विचारलं.

"आलं, बाबा," कीर्ती म्हणाली.

बळीरामने पेन उचललं, मांडीवरच्या फडक्याला पुसलं आणि पुढच्या अक्षराची तयारी केली. त्या पेनाला ना शाई होती, ना रंग. पुसण्यासारखं त्यात काही नव्हतंच. पण जन्मभर ब्रश पुसत आलेल्या माणसाला ते कोण सांगणार? कीर्तीने एकदोनदा सांगून पाहिलं, मग नाद सोडला. उलट ते कोरं फडकं आठवड्याच्या धुण्यात टाकू लागली.

बळीरामसमोर काळी, सपाट पाटी होती. शाळेतल्या पाटीपेक्षा जराशी मोठी, एका कडेने वायर निघालेली. तिच्यावर पेन फिरवलं की पाटीवर काही उमटत नसे. उमटायचं ते पलीकडच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर. नेमकं हेच बळीरामच्या गळी उतरेना.

"हात हितं नि अक्षर तिकडं? मानसानं डोळा ठेवावा कुठं?"

पडद्याकडे बघत काढायला गेला की अक्षर लंगडत यायचं. शेवटी त्याने खुर्चीच फिरवून घेतली. पडदा पाठीमागे, पाटी पुढ्यात, खिडकीचा उजेड डाव्या हाताला. कोऱ्या पाटीकडे बघत, जणू रंग दिसतोच आहे अशा भरवशाने तो अक्षर काढायचा आणि विचारायचा, "आलं का?"

पडद्यापाशी बसलेली कीर्ती म्हणायची, "आलं."

दारात कोलंबी सोलत बसलेली गंगाबाई, म्हणजे कीर्तीची आई, हे ऐकून म्हणाली, "आंदळी कोशिंबीर खेळतायत बापलेक. ह्या वयात!"

ओवे गावापासून पनवेलच्या बाजारापर्यंत आणि तिकडे उरणच्या होड्यांपर्यंत एके काळी नजर जाईल तिथे बळीराम पेंटरचं अक्षर होतं. किराणा दुकान, सलून, ट्रकची पाठ, होडीचं नाक. त्याची वेलांटी जरा मागे रेलून बसायची, जेवण झालेल्या माणसासारखी. मग फ्लेक्स आला. तासाभरात बोर्ड, त्यावर पाच रंग, वर फोटो. बळीरामच्या डब्यातले ब्रश कडक होऊन गेले.

आणि विधिलिखित असं, की लेकीला नोकरी लागली ती पनवेलात प्रितेशच्या फ्लेक्सच्या दुकानात. बापाच्या पोटावर पाय देणाऱ्या यंत्रापाशी लेक बसायची आणि घरची चूल त्यावर पेटायची. बळीरामने तिला कधी बोल लावला नाही. फक्त रस्त्याने जाताना तो फ्लेक्सकडे बघत नसे. कुणाच्या उघड्या मोरीकडे बघू नये, तसा मान वळवून जायचा.

प्रितेशने दुकानातला एक थकलेला कॉम्प्युटर मोडीत काढला, तो कीर्तीने घरी आणला. मासिकाबरोबर आलेल्या सीडीवरून त्यावर कॉम्प्युटर चालवणारं लिनक्स चढवलं, तेही स्वतःच, चुकत-माकत. लिनक्स फुकट आणि गुणी, खोड एकच. त्याच्याशी कुठलं यंत्र पटेल याचा नेम नाही. नवं यंत्र कॉम्प्युटरला जोडलं की दोघांची बोलणी करून द्यायला मध्ये ड्रायव्हर नावाचा प्रोग्रॅम लागतो, आणि खोक्यातल्या सीडीवर तो लिनक्ससाठी कधीच नसायचा. यंत्र दिसायला देखणं, घरी आणून जोडलं की तोंडात मिठाची गुळणी. कीर्ती पस्तिशीला टेकली होती, लग्न जमलं नव्हतं. कुणी फार चौकशी केली की म्हणायची, "स्थळं आली हो, पण ड्रायव्हर मिळाला नाही." विचारणाऱ्याला काही कळायचं नाही, आणि तेच तिला हवं असायचं.

बळीरामचा हात कापायला लागला त्या वर्षी तिच्या मनाने घेतलं, की बाबांची सगळी अक्षरं कॉम्प्युटरात उतरवायची. एकदा स्वर-व्यंजनं, जोडाक्षरं सगळी आत गेली की त्यांचा फॉन्ट करता येईल. मग फ्लेक्स का असेना, त्यावर अक्षर बाबांचं लागेल. पनवेलच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, कंप वाढत जाणार. म्हणजे हात जायच्या आत हे व्हायला हवं होतं.

आधी तिने जुना स्कॅनर आणला. कागदावर अक्षरं काढून आत घ्यावीत हा बेत. स्कॅनरचा दिवा इकडून तिकडे ऐटीत चालत गेला आणि पडद्यावर काही म्हणता काही आलं नाही. बळीराम पोट धरून हसला. "ह्यो तर आपल्या सरपंचासारका. नुसताच फिरतो."

मग एक दिवस उरण नाक्यावरच्या दाऊदने तिला हाक मारून थांबवलं. कॉम्प्युटरचे माऊस, कीबोर्ड, वायरी विकायचं त्याचं चिंचोळं दुकान होतं. कीर्तीमुळे तोही लिनक्सची सीडी ठेवू लागला होता. वस्तू तिला द्यायच्या आधी लावून बघायचा.

"कीर्तीताई, हे बघा. एक पोरगा कतारला गेला, तो विकायला ठेवून गेलाय. चित्रं काढायची पाटी. खोक्यावर लिनक्सचं नावनिशाण नाय, पण खुदा गवाह, वायर लावली नि चालू! गरीब जावयासारखी हाय बिचारी. कायसुदा मागत नाय."

ती पाटी खरोखरच काही न मागता चालली. पेन जोरात दाबलं की रेघ जाड, हलकं धरलं की बारीक, अगदी ब्रशसारखी. बळीरामने पेन हातात तोलून पाहिलं आणि लेकीला बजावलं, "ह्याला आता दुसऱ्यानं हात नाय लावायचा. पेंटरचा ब्रश त्याच्याच हातात ऱ्हातो."

तो दाबून लिहायचा. वर्षानुवर्षं पत्र्यावर आणि भिंतीवर लिहिलेला हात. त्याला हलकं माहीत नव्हतं. प्रत्येक अक्षर पाटीच्या मधोमध, आणि आधी काना. उभी रेघ सरळ खाली उतरली की बाकीचं अक्षर तिला धरून उभं राहतं, असं त्याचं म्हणणं. पेनाचं प्लास्टिकचं टोक महिन्याभरात एका अंगाने झिजून धारदार झालं. दाऊदने जादा टोकं दिली होती, ती बळीरामने लावू दिली नाहीत.

"आता कुटं हाताला बसलंय. नको बदलूस गो."

सगळं ठीक चाललं होतं. फक्त पडद्यावर येणारी रेघ कापत होती. काना खाली उतरताना दोन्ही कडांना बारीक लहर यायची, भरतीचं पाणी चिखलावर ठेवून जातं तशी. बळीरामची पाठ पडद्याकडे. त्याला ते दिसत नव्हतं. कीर्तीला बघवत नव्हतं. अक्षरं ज्यात उतरायची त्या चित्रं काढायच्या प्रोग्रॅममध्ये 'सिम्प्लिफाय' म्हणून एक सोय होती. दोन बटणं एकदम दाबली की वाकडीतिकडी रेघ सुतासारखी सरळ. पहिल्या अक्षराला तिने ती दाबली. काना ताठ झाला, बाबा चाळिशीत काढायचे तसा. मग प्रत्येकच अक्षराला. शेंबडं नाक पुसून मूल पाहुण्यांपुढे आणावं, त्या मायेने. आणि जे साफ झालं, तेवढंच तिने जपून ठेवलं.

"आलं का?"

"आलं, बाबा."

जोडाक्षरं तेवढी राहिली, तेव्हा तिला राहवलं नाही. प्रितेशच्या दुकानात उरलेल्या फ्लेक्सच्या पट्टीवर तिने झालेली सगळी अक्षरं मोठी करून छापली आणि रविवारी सकाळी घराच्या पडवीत ताणून बांधली. गंगाबाई हात पुसत बाहेर आली. "अगो बाय माजे! आवो, बगा तरी!"

बळीराम आला. फ्लेक्सकडे आयुष्यात पहिल्यांदा नीट बघत असेल. जवळ गेला, चष्मा वर केला, 'क'वरून बोट फिरवलं, मग 'म'वरून.

"ब्येस हाय," तो म्हणाला. "कोनाचा हात?"

कीर्ती हसली. "कोणाचा म्हणजे? तुमचाच."

बळीरामने उजवा हात तिच्यापुढे धरला. तो वाऱ्यावरच्या पानासारखा हलत होता. लपवायचा म्हणून एरवी खिशात असायचा, तो त्याने तसाच धरून ठेवला.

"माजा हात ह्यो हाय. ह्यात कुटं हाय तो?"

"मी… जरा साफ केलं, बाबा. कडा हलत होत्या."

तो रागावला असता तर बरं झालं असतं. त्याने फ्लेक्सची सुटलेली दोरी पुन्हा गाठ मारून घट्ट केली; काम कुणाचंही असो, बोर्ड ढिला त्याला चालत नसे.

"रंग ओघळला तर पुसतात गो," तो म्हणाला. "हात नाय पुसत."

कीर्तीने दुपारभर कॉम्प्युटर धुंडाळला. कापऱ्या अक्षरांपैकी एकही कुठे शिल्लक नव्हतं. सोमवारी पेन बळीरामच्या ब्रशच्या डब्यात खोचलेलं दिसलं, कडक झालेल्या ब्रशांच्या गर्दीत.

"बसायचं ना, बाबा? जोडाक्षरं राहिलीत."

"बसू गो. आज डोळ्याला पानी येतंय."

तिच्याकडे वाक्य तयार होतं. 'परत काढा बाबा, पहिल्यापासून. कापू दे, मी हात लावणार नाही.' रिक्षात बसून तिने ते कितीदा घोळवलं. पण निवडणुका आल्या, हात जोडलेल्या पुढाऱ्यांचे फ्लेक्स काढता काढता ती घरी यायची ती पाठ टेकायलाच. मग गणपती आले. मग वाटलं, दिवाळीनंतर निवांत बसू. तोवर बळीरामला भाताचा घासही दुसऱ्याने भरवावा लागत होता, आणि त्या हातापुढे ते वाक्य काढायची तिला हिंमत झाली नाही. थंडी पडली तेव्हा तो गेला, दुपारच्या झोपेतच.

तिसऱ्या दिवशी प्रितेश घरी आला. ओट्यावर टेकून, खाली मान घालून म्हणाला, "कीर्तीताई, दहाव्याचा बोर्ड लागेल. गावातली पोरं विचारतायत. भावपूर्ण श्रद्धांजलीचं डिझाइन तयार आहे आपल्याकडे. फोटो टाकला की झालं. तू नको त्रास घेऊस, मी करतो."

"मी करते," कीर्ती म्हणाली.

"आगं, पण ह्या वेळी तू कशाला…"

"प्रितेश, मी करते."

दुपारी ती कॉम्प्युटरपाशी बसली. एक एक अक्षर काढून लावत गेली. 'भावपूर्ण'साठी बाबांचा रफार नव्हता, तो तिने माऊसने कसाबसा जुळवला. पुढे 'श्र' होता. जोडाक्षर. ते बळीरामने काढलंच नव्हतं, आणि माऊसने ते काही केल्या बसेना.

डब्यातलं पेन तिने पहिल्यांदाच हातात घेतलं. पाटी पुढ्यात ओढली, तेव्हा खिडकीचा उजेड तिच्यावरून तिरका गेला आणि तिला ते दिसलं. सगळी पाटी ओरखड्यांनी भरली होती. एकावर एक, एकात एक, मासळीच्या खवल्यांसारखे. त्यातून एकही अक्षर सुटं वाचता येत नव्हतं. मधोमध मात्र वरून खाली एक खाचच पडली होती. बाबांचा काना. प्रत्येक अक्षराच्या आधी, त्याच जागी, दाबून काढलेला.

तिने 'श्र'चा काना काढायला पेन टेकवलं. झिजलेलं टोक सरकलं आणि खाचेत उतरलं. तिचा हात सरळ चालला होता, पण टोक तिचं ऐकेना. खाच जिकडे वळेल तिकडे जात राहिलं. पडद्यावर उभी रेघ उमटली. दोन्ही कडांना बारीक लहर असलेली.

कीर्तीचा डावा हात सवयीने त्या दोन बटणांपाशी गेला. मग तिने तो उचलून मांडीवर ठेवला.

आतल्या खोलीतून गंगाबाईने विचारलं, "आलं का गो?"

खुर्चीच्या पाठीवर फडकं तसंच टाकलेलं होतं. कीर्तीने ते घेतलं, पेनाचं टोक पुसलं.

"आलं," ती म्हणाली.