बर्फ कुठला

"परवाना मालकानेच उतरवून द्यायचा असतो, मावशी," निरीक्षक भिंतीकडे बघत म्हणाला. नियमच तसा होता. रद्द झालेला परवाना खात्याच्या माणसाने ओढून काढायचा नाही, मालकाने आपल्या हाताने द्यायचा. ज्याने कुणी हा नियम काढला असेल, त्याने एकदा तरी इथे येऊन उभं राहायला हवं होतं.

मावशी स्टुलावर चढल्या. नवऱ्यामागे सरबताचं हे दुकान त्यांनी एकटीने चालवलं होतं आणि चालवता चालवता त्या सगळ्या गल्लीच्या मावशी झाल्या होत्या. निरीक्षकाला लोक पाठीमागे 'बाटलीवाले' म्हणत, कारण तो दुकानोदुकानी बाटलीत नमुने भरून तपासायला नेई. मावशी मात्र त्याला भाऊ म्हणत.

पहिल्यांदा नमुना बिघडला तेव्हा परवाना नुसता स्थगित झाला होता. मावशींनी त्याला तेव्हाच विचारलं होतं, "भाऊ, बर्फ बदलू का?"

"बर्फाला काय धाड भरलीय? ग्लास उकळत्या पाण्यात धुवा. टाकी बदला."

बर्फ त्याच्या मेहुण्याच्या कारखान्यातला होता. त्यानेच तो मावशींच्या गळ्यात मारला होता. मावशींनी त्याचा शब्द प्रमाण मानला. नवी टाकी आणली, ग्लास उकळून उकळून हात भाजून घेतले आणि बर्फ तोच ठेवला. नमुना पुन्हा बिघडला. दुसऱ्यांदा बिघडला की परवाना कायमचा जातो.

दुकानातल्या एकुलत्या एका खुर्चीवर बसलेल्या मोठ्या साहेबांनी विचारलं, "बर्फ कुठून घेत होता, बाई?"

निरीक्षकाची नोकरी, मेहुण्याचा कारखाना, बायकोचं माहेर, सगळं आता मावशींच्या जिभेवर होतं. मावशींनी त्याच्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही.

"बाजारातून, साहेब. मिळेल तिथून. माझंच चुकलं."

सुटलो, असं त्याला वाटलं. आणि तसं वाटल्याची इतकी लाज वाटली की कानशिलं तापली. अजून वेळ गेलेली नव्हती. साहेब समोर होते, खरं सांगता आलं असतं. त्याने तोंड उघडलं.

"इथे सही करा, मावशी," एवढंच त्यातून निघालं.

साहेब गाडीत जाऊन बसले. मावशींनी दार ओढलं, कुलूप घातलं. निरीक्षकाने त्यावर फडकं गुंडाळलं आणि मोहोर लावायला लाख काढली.

"तुम्ही सांगितलं का नाहीत?" त्याने हळूच विचारलं.

"सांगून माझं दुकान उघडणार होतं का? तुमच्या घरात मात्र भांडण पेटलं असतं." मावशी पदराला हात पुसत म्हणाल्या. "एक ऐका माझं, भाऊ. तो बर्फ घरी नेत जाऊ नका. लहान पोरं आहेत तुमची."

"नाही नेणार," तो म्हणाला.

त्याच्या घरी तो बर्फ कधीच गेला नव्हता. नेऊ नका म्हणून मेहुण्यानेच बजावलं होतं.

त्याने काडी ओढली. वारा होता, काडी विझली. दुसरीही विझली. तिसऱ्या वेळी मावशी पुढे झाल्या, दोन्ही हातांचा आडोसा करून उभ्या राहिल्या आणि लाख नीट वितळेपर्यंत त्यांनी हात काढले नाहीत.